आर्क्टिकचा बर्फ आणि शंकेखोरांचे दावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की व्हॉट्सॲपवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एकात उत्तर ध्रुव आता संपलाच म्हणून गळा काढलेला असतो. दुसऱ्यात बर्फ उलट वाढलाय, सगळं थोतांड आहे, अशी ग्वाही असते. दोन्हींत आकडे असतात आणि गंमत म्हणजे पुष्कळदा ते खरेही असतात. गोम असते ती त्या आकड्याच्या मागचं-पुढचं काय छाटलंय यात. खालचे प्रश्न लोक ज्या भाषेत विचारतात त्याच भाषेत ठेवले आहेत.

मुळात हे मोजतात तरी काय?

उत्तर ध्रुवावर जमीन नाही, समुद्र आहे. थंडीत त्या समुद्राचं पाणी गोठून वर जो थर धरतो तो सागरी बर्फ. ग्रीनलंडच्या जमिनीवरचा दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ वेगळा आणि त्यातून तुटून पडणारे हिमनग वेगळे. बातम्यांत तिन्हींची सर्रास खिचडी होते. सागरी बर्फ मार्चमध्ये सगळ्यात जास्त पसरलेला असतो आणि सप्टेंबरच्या मध्याला सगळ्यात कमी उरतो. म्हणून सगळी भांडणं सप्टेंबरच्या आकड्यावरून होतात.

मोजायची रीत सोपी आहे. नकाशाचे २५ किमी बाय २५ किमीचे चौकोन पाडायचे. ज्या चौकोनात निदान १५ टक्के बर्फ आहे तो पूर्ण धरायचा, त्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा. या बेरजेला 'विस्तार' म्हणतात. अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या राष्ट्रीय हिम आणि बर्फ विदा (डेटा) केंद्राच्या हिशेबाने १९८१ ते २०१० या काळात सप्टेंबरमधल्या किमान विस्ताराची सरासरी ६२.२ लाख चौ. किमी होती. २०१२ साली तो ३३.९ लाखांवर आला, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळापेक्षा जेमतेम जास्त. हा आजवरचा नीचांक. २०२० मध्ये ३७.४ लाख, २०२४ मध्ये ४२.८ लाख, २०२५ मध्ये ४६ लाख. २०२४ ची तूट सरासरीच्या मानाने जवळजवळ २० लाख चौ. किमी भरते. त्यात सहाहून जास्त महाराष्ट्र बसतात. १९७९ पासूनचा सगळा काळ धरला तर सप्टेंबरचा बर्फ दर दशकाला, त्या सरासरीच्या तुलनेत, साधारण १२ टक्क्यांनी घटत आला आहे.

उपग्रहाला ढगाआडून आणि सहा महिन्यांच्या रात्रीत बर्फ दिसतो कसा? आणि त्यावर भरवसा ठेवायचा का?

साध्या कॅमेऱ्याला दिसत नाहीच. ही उपकरणं पृष्ठभागातून आपोआप बाहेर पडणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी टिपतात. त्या लहरी ढगांतून बऱ्याच अंशी पार होतात, त्यांना सूर्यप्रकाश लागत नाही, आणि पाणी व बर्फ यांचं या लहरींतलं 'दिसणं' अगदी निराळं असतं. ऑक्टोबर १९७८ मध्ये निम्बस-७ हा उपग्रह सोडला गेला तेव्हापासून ही नोंद जवळजवळ अखंड चालू आहे.

त्रुटी आहेत. उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात आणि उपग्रहाला ती उघडा समुद्र वाटतात. १५ टक्क्यांचा नियम त्यासाठीच आहे. डबक्यांनी फसवलं तरी चौकोन सहसा बर्फाचाच धरला जातो. शिवाय कक्षा तिरपी असल्यामुळे ध्रुवाभोवतीचा एक गोल उपग्रहाला दिसतच नाही. तिथे बर्फ आहे असं गृहीत धरतात. दोन्ही गोष्टी बर्फ जास्त दाखवायच्या बाजूला झुकतात, कमी दाखवायच्या नाही, हे टीकाकार सहसा सांगत नाहीत.

फेब्रुवारी २००९ मध्ये एका उपग्रहाचं उपकरण बिघडलं आणि बर्फ सुमारे ५ लाख चौ. किमीने कमी दिसू लागला. "बघा, पकडले गेले!" असा गलका झाला. प्रत्यक्षात चूक केंद्रानेच जाहीर केली, दुसऱ्या उपग्रहाच्या नोंदी वापरून आकडे दुरुस्त केले आणि जुना आलेख मागे घेतला. जपान, जर्मनीतलं ब्रेमेन विद्यापीठ, डेन्मार्कची हवामान संस्था हे सगळे आपापल्या पद्धतीने हिशेब करतात. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, उतार तोच येतो.

१९७९ पासूनच का मोजायचं? त्या वर्षी बर्फ जास्त होता म्हणून सोयीची सुरुवात निवडली ना?

सुरुवात निवडली ती रॉकेटने, शास्त्रज्ञांनी नाही. पण प्रश्न रास्त आहे, कारण १९७० चं दशक आर्क्टिकमध्ये तुलनेने थंड होतं. १९७४ च्या आसपास बर्फ कमी होता, असं दाखवणारा आलेख खुद्द संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) १९९० च्या अहवालात होता. शंकेखोर त्याच्यावर बोट ठेवतात. तो आलेख वेगळ्या प्रकारच्या नकाशांवरून केलेला होता आणि पुढच्या नोंदींशी सरळ जोडण्यासारखा नव्हता.

यावर मला सगळ्यात आवडतो तो पुरावा १९६४ चा आहे. ऑगस्ट १९६४ मध्ये सोडलेला निम्बस-१ हा उपग्रह महिनाभर जेमतेम चालला. त्याने काढलेली चित्रं फिल्मच्या डब्यांत पडून होती. जवळजवळ पन्नास वर्षांनी बोल्डरच्या मंडळींनी ते डबे उघडून एकेक चौकट स्कॅन केली आणि ढगांच्या फटींतून दिसणाऱ्या बर्फाच्या कडा जुळवत नेल्या. सप्टेंबर १९६४ चा विस्तार निघाला अंदाजे ६९ लाख चौ. किमी. म्हणजे १९७९ नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांच्या तोलाचाच. १९७९ हे काही जगावेगळं वर्ष नव्हतं.

त्याच्याही मागे जाता येतं. व्हेल मारायला जाणाऱ्या जहाजांच्या रोजनिशा, डेन्मार्कने वर्षानुवर्षं छापलेले बर्फाचे नकाशे, रशियन विमानांच्या पाहण्या असं सगळं गोळा करून १८५० पासूनचा महिनावार अंदाज बांधला गेलाय. त्यात चढउतार भरपूर आहेत, पण आताइतका कमी उन्हाळी बर्फ त्या सव्वाशे-दीडशे वर्षांत कुठेच सापडत नाही.

१९२२ च्या वर्तमानपत्रात "आर्क्टिक तापतंय, सीलना पाणी गरम लागतंय" असं छापून आलं होतं. मग नवीन काय?

कात्रण अस्सल आहे. नोव्हेंबर १९२२ मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रात ते आलं, आणि मूळ मजकूर नॉर्वेतल्या बर्गन इथल्या अमेरिकी वकिलातीने पाठवलेला होता. त्यात वर्णन आहे ते नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्पिट्सबर्गन बेटाच्या आसपासच्या समुद्राचं. १९२० ते १९४० च्या दरम्यान उत्तर अटलांटिकच्या बाजूचं आर्क्टिक खरोखर तापलं होतं, हे हवामानशास्त्रात कुणी नाकारत नाही. मात्र पृथ्वीच्या माथ्यावरचा तो एक कोपरा. आता सैबेरियाच्या बाजूला, अलास्काच्या बाजूला आणि स्पिट्सबर्गनलाही एकाच वेळी बर्फ हटतोय. कात्रण पुढे पाठवणारे हा 'कुठे' हा शब्द गाळतात.

१९५९ मध्ये अमेरिकी पाणबुडी ध्रुवावर उघड्या पाण्यात वर आली होती. फोटो आहे!

'स्केट' या पाणबुडीची ही गोष्ट. १७ मार्च १९५९ ला ती उत्तर ध्रुवावर पृष्ठभागावर आली, पहिलीच. उघड्या पाण्यात मात्र नाही. आर्क्टिकचा बर्फ म्हणजे सलग फरशी नव्हे. वारा आणि प्रवाह त्याला सतत ताणतात, भेगा पडतात, कडाक्याच्या थंडीत त्या काही तासांत पातळ बर्फाने पुन्हा सांधल्या जातात. स्केटवरची मंडळी खालून वर बघत अशी पातळ जागा शोधायची, तिला ते 'स्कायलाइट' म्हणायचे, आणि मुद्दाम मजबूत केलेल्या बुरुजाने धडक देऊन ती फोडायचे. त्या दिवशी ध्रुवावर सर ह्युबर्ट विल्किन्स या संशोधकाची रक्षा विखुरली गेली. वाऱ्यात हिमकण उडत होते आणि खलाशी हातात मशाली घेऊन उभे होते. मार्चच्या मध्याला तिथे सूर्य अजून क्षितिजावर यायचा असतो. तेव्हा लख्ख उन्हात निळ्या पाण्यात तरंगणारी पाणबुडी आणि खाली 'उत्तर ध्रुव, १७ मार्च १९५९' असं लिहिलेलं दिसलं, तर ओळ कुणी तरी नंतर चिकटवली आहे हे तुम्हालाही कळेल.

मे १९८७ मधला तीन पाणबुड्यांचा ध्रुवावरचा फोटोही असाच फिरतो. भेग तेव्हाही होती, बाजूचा बर्फही होता.

आमुंडसेनने १९०३ मध्येच वायव्य मार्ग पार केला होता ना?

केला. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांमधून अटलांटिकमधून पॅसिफिकला जाणारी ती समुद्रवाट. नॉर्वेचा हा संशोधक निघाला १९०३ ला, पोचला १९०६ ला. 'यॉआ' नावाची छोटी मासेमारी बोट, सहा सोबती, आणि गोठलेल्या समुद्रात अडकून काढलेले तीन हिवाळे. १९४४ मध्ये कॅनडाच्या 'सेंट रॉक'ने एकाच मोसमात, ८६ दिवसांत, तो मार्ग कापला. २०१६ च्या उन्हाळ्यात हजारभर प्रवासी घेऊन एक आलिशान क्रूझ जहाज त्याच वाटेने अलास्काहून न्यूयॉर्कला गेलं. वाट पार होणं आणि वाट खुली असणं यांतला फरक एवढ्यावरून कळावा.

टिळकांनी तर आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं असं मांडलं होतं. म्हणजे पूर्वी तिथे उबदारच होतं!

हा प्रश्न मराठी घरांतच येतो, म्हणून मुद्दाम घेतला. लोकमान्यांनी १९०३ साली केलेली ती मांडणी त्या काळच्या भूशास्त्रावर उभी होती. शेवटचं हिमयुग साधारण दहा हजार वर्षांपूर्वी संपलं आणि त्याआधी ध्रुवाजवळ सौम्य हवामान होतं, अशी तेव्हाच्या काही अमेरिकी भूशास्त्रज्ञांची गणना होती. आता आपल्याला माहीत आहे की हिमयुगाचा कळस सुमारे २१ हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे हजारो वर्षं तिथे राहण्याजोगं फारसं काही नव्हतं. वेदांच्या अन्वयार्थात मी शिरत नाही.

मात्र 'पूर्वी बर्फ कमी होता' हे विधान एका अर्थी बरोबर आहे. दहा ते सहा हजार वर्षांपूर्वी उन्हाळ्यातला बर्फ आताच्या सरासरीपेक्षा कमी असल्याच्या खुणा सापडतात. उत्तर ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर लाटांनी रचलेले वाळूचे बांध आहेत. आज तिथे बर्फामुळे लाटा पोचत नाहीत. कारणही माहीत आहे. पृथ्वीच्या अक्षाचा कल आणि कक्षा तेव्हा अशी होती की आर्क्टिकवर उन्हाळी ऊन जास्त पडायचं. ते ऊन तेव्हापासून हळूहळू कमीच होत आलंय. या हिशेबाने आज तिथे गारठा वाढायला हवा होता.

२०१२ नंतर नवा नीचांक झालेला नाही. मग घट थांबली असंच म्हणायला हवं ना?

शंकेखोरांच्या भात्यातला हा सगळ्यात दमदार बाण आहे, आणि याला उडवून लावणारे शास्त्राचं नुकसान करतात असं माझं मत आहे. म्हणून जरा सविस्तर.

आधी पोरकट आवृत्ती. २०१३ मध्ये बर्फ २०१२ पेक्षा बराच जास्त होता, किमान विस्तार ५० लाखांच्या आसपास. एका ब्रिटिश वृत्तपत्राने लगेच '६० टक्के वाढ' अशी बातमी केली आणि जग थंड होऊ लागल्याची द्वाही फिरवली. विक्रमी नीचांकाच्या पुढचं वर्ष वरच जाणार. ते २०१३ सालही तेव्हाच्या नोंदींत तळापासून सहावं होतं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये आर्क्टिकवर मोठं चक्रीवादळ झालं होतं आणि "तो नीचांक वादळाचा" असंही म्हटलं जातं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी वादळ वगळून हिशेब केला तेव्हा २००७ चा विक्रम तरीही मोडलाच असता असं दिसलं. वादळ पातळ बर्फाला झोडपतं. जाड बर्फाने त्याला भीक घातली नसती.

आता गंभीर आवृत्ती. २००५ पासूनचीच वर्षं घेतली तर सप्टेंबरच्या बर्फात संख्याशास्त्रीय निकषावर टिकेल अशी घट दिसत नाही. हे शंकेखोरांनी शोधलेलं नाही, २०२५ साली हवामानशास्त्रज्ञांनीच शोधनिबंधात मांडलं. त्यांचं म्हणणं असं की महासागर आणि वातावरणातल्या नैसर्गिक हेलकाव्यांनी तापमानवाढीचा परिणाम तूर्तास दाबून धरलाय. संगणकी मॉडेलांत असे थांबे अधूनमधून येतातच, आणि हा थांबा आणखी पाच-दहा वर्षंही चालू शकतो. थांबा संपल्यावर घट एरवीपेक्षा वेगाने होण्याची शक्यता जास्त, असंही त्यात म्हटलंय.

म्हणजे 'गेल्या वीस वर्षांत घट मंदावली' हे वाक्य खरं आहे. 'बर्फ परत आला' हे वाक्य खोटं आहे. उपग्रहांच्या नोंदींतली सगळ्यात कमी बर्फाची एकोणीस वर्षं म्हणजे २००७ ते २०२५ ही एकोणीस वर्षं. यांतलं एकही वर्ष १९८० किंवा ९० च्या दशकातल्या कुठल्याही वर्षाच्या पातळीला पोचलेलं नाही. २००७ मध्ये एक पायरी खाली उतरली आणि तेव्हापासून बर्फ त्याच खालच्या पायरीवर वरखाली करतोय.

विस्तार टिकून आहे तर जाडीचं काय?

इथे खरं दुखणं आहे. धरणाचा फुगवटा दरवर्षी तेवढाच दिसतो, पण तळाशी गाळ भरल्यामुळे साठा घटलेला असतो, तसं इथलं आहे. अमेरिकी पाणबुड्यांनी १९५८ पासून खालून सोनारने, म्हणजे ध्वनिलहरी सोडून, बर्फाची जाडी मोजली. त्या नोंदी खुल्या झाल्यावर आणि नंतरच्या उपग्रहांच्या मोजमापांशी जोडल्यावर असं दिसलं की मध्य आर्क्टिकमधली हिवाळ्यातली सरासरी जाडी १९८० मध्ये साधारण ३.६ मीटर होती, ती २००८ पर्यंत १.९ मीटरवर आली. आकारमानाच्या अंदाजात १९७९ च्या सप्टेंबरला सुमारे १७ हजार घन किमी बर्फ धरला आहे, २०१२ ला ४ हजारांहूनही कमी.

बर्फाचं वयही उतरलंय. एका हिवाळ्यात धरलेला बर्फ खारट, मऊ आणि फार तर दोनेक मीटर जाड. तोच चार-पाच उन्हाळे टिकला की मीठ पाझरून जातं, रंग निळसर होतो, आणि तो इतका गोडा होतो की वितळवून पिता येतो. असा चार वर्षांहून जुना बर्फ १९८५ च्या मार्चमध्ये एकूण बर्फाच्या एक तृतीयांश होता. २०१९ च्या मार्चमध्ये उरला होता १.२ टक्के.

कुणाला उपग्रह आणि मॉडेलं दोन्ही नको असतील तर रशियाकडे बघावं. १९३७ पासून रशियन लोक तरंगत्या बर्फाच्या तुकड्यावर 'उत्तर ध्रुव' नावाची ठाणी वसवत आले. तंबू, रेडिओ, माणसं, वर्षवर्ष मुक्काम. २०१३ मध्ये चाळिसावं ठाणं पायाखालचा बर्फ फुटू लागला म्हणून तातडीने रिकामं करावं लागलं. त्यानंतर ठाणं पेलेल असा तुकडा भरवशाचा राहिला नाही म्हणून त्यांनी चक्क बर्फात टिकणारं तरंगतं केंद्र बांधलं, आणि एकेचाळिसावं ठाणं २०२२ मध्ये त्या जहाजावरून सुरू झालं. तेलावर अर्थव्यवस्था चालवणाऱ्या देशाने हवामान-चळवळीला खूश करायला एवढा खर्च केला असेल असं वाटत नाही.

जर्मनीचं 'पोलारस्टर्न' हे संशोधन जहाज २०१९-२० मध्ये वर्षभर बर्फासोबत वाहत होतं. ऑगस्ट २०२० मध्ये ग्रीनलंडच्या उत्तरेकडून, जिथे पूर्वी सगळ्यात जाड बर्फ असायचा म्हणून जहाजं वाट वाकडी करायची, तिथून ते सहा दिवसांत ध्रुवावर पोचलं.

हिवाळ्यात सगळा परत गोठतो की! मग चिंता कसली?

गोठतो, पण सगळा नाही. मार्चमधला कमाल विस्तारही दर दशकाला अडीच टक्क्यांच्या आसपास घटतोय. मार्च २०२५ मध्ये तो १४३.३ लाख चौ. किमीवर थांबला, तोवरच्या उपग्रहनोंदींतला सगळ्यात कमी. आणि हिवाळ्यात जो परत धरतो तो वर सांगितलेला मऊ, खारट, एका हंगामाचा बर्फ असतो.

जहाजं अजून अडकतात, त्याचं काय?

नोव्हेंबर २०२१ मध्ये सैबेरियाच्या किनाऱ्यालगत वीसेक जहाजं अडकली, खरं आहे. बर्फ नेहमीपेक्षा लवकर धरला आणि अंदाज चुकला. त्याच मार्गावरून ऑगस्ट २०१७ मध्ये एक गॅसवाहू जहाज बर्फफोड्या जहाजाची सोबत न घेता नॉर्वेहून दक्षिण कोरियाला १९ दिवसांत गेलं. पातळ बर्फही जहाज अडवतो. (डिसेंबर २०१३ मध्ये शास्त्रज्ञांसकट अडकलेलं जहाज अंटार्क्टिकात होतं; ते या वादात ओढणं म्हणजे कहर आहे.)

"अमुक सालापर्यंत उत्तर ध्रुव बर्फमुक्त" ही भाकितं फसली. मग यांचं का ऐकायचं?

काही भाकितं फसली, साफ फसली. डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांनी पाच ते सात वर्षांत उन्हाळ्यातले काही महिने ध्रुवप्रदेश बर्फमुक्त होण्याची ७५ टक्के शक्यता सांगितली. ज्या शास्त्रज्ञाचा हवाला दिला त्याने, आपण असा आकडा दिला नव्हता, असं लगेच सांगितलं. केंब्रिजचे बर्फाचे अभ्यासक पीटर वॉडहॅम्स २०१५-१६ वर अडून बसले होते. दोन्ही वेळा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी आक्षेप घेतले होते, पण मथळे 'बर्फ संपणार' याचेच होतात. अशा अतिउत्साहाने शंकेखोरांना आयतं कोलीत मिळालं आणि ते अजून हातात आहे.

आंतरसरकारी मंडळ काय म्हणत होतं तेही बघा. २०१३ च्या अहवालात उत्सर्जन चढंच राहिलं तर शतकाच्या मध्याच्या आसपास असा अंदाज होता. २०२१ च्या अहवालात, २०५० पूर्वी निदान एकदा तरी सप्टेंबरमधला बर्फ १० लाख चौ. किमीच्या खाली जाण्याची शक्यता आहे असं म्हटलंय. 'बर्फमुक्त' म्हणजे शून्य नव्हे, १० लाखांपेक्षा कमी. ग्रीनलंड-कॅनडाच्या किनाऱ्याला बिलगलेली पट्टी तरीही उरेल. आणि २००७ साली एका गाजलेल्या तुलनेत असं निघालं होतं की प्रत्यक्ष घट बहुतेक मॉडेलांपेक्षा जास्त वेगाने चालली आहे. चूक झाली होती, पण ती सावधपणाच्या बाजूला.

अंटार्क्टिकात तर बर्फ वाढतोय!

२०१४ पर्यंत हा मुद्दा बरोबर होता. त्या सप्टेंबरला दक्षिणेकडच्या सागरी बर्फाने २०० लाख चौ. किमीचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. २०१६ मध्ये तो अचानक कोसळला. फेब्रुवारी २०२३ मध्ये १७.९ लाख चौ. किमी हा उन्हाळी नीचांक झाला आणि त्याच वर्षी हिवाळ्यातला कमाल विस्तारही विक्रमी कमी, सुमारे १७० लाख. जुने फॉरवर्ड अर्थात २०१४ वरच थांबलेत. दोन ध्रुवांची तुलना तशीही तोकडीच. उत्तरेला जमिनीने वेढलेला समुद्र आहे, दक्षिणेला समुद्राने वेढलेली जमीन.

हे नैसर्गिक चक्र कशावरून नाही? सूर्य, ज्वालामुखी?

सूर्याचं तेज १९८० नंतर वाढलेलं नाही, किंचित उतरलंच आहे. आर्क्टिकच्या तळाशी गॅकेल पर्वतरांगेत १९९९ मध्ये ज्वालामुखींचे उद्रेक झाले होते, पण ते चार किलोमीटर खोल. त्यांची उष्णता अख्ख्या महासागराचा बर्फ वितळवायला कुठेच पुरत नाही आणि वरच्या थरांपर्यंत सहजी येतही नाही.

नैसर्गिक चक्राचं मात्र काही अंशी मान्य करायला हवं. २०१७ मधल्या एका अभ्यासाने १९७९ नंतरच्या सप्टेंबरमधल्या घटीपैकी ३० ते ५० टक्के वाटा वातावरणाच्या नैसर्गिक बदलांचा असू शकतो असं मांडलं. उरलेला वाटा आपला. ज्या हेलकाव्याने १९९० ते २००७ या काळात घटीला हात दिला तोच आता तिला थोपवतोय, असा अर्थ लावला तर वरचा 'थांबा' आणि हे विधान एकमेकांत नीट बसतात.

कार्बनशी नातं किती थेट आहे ते २०१६ च्या एका हिशेबात दिसतं. हवेत सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरचा सुमारे ३ चौ. मीटर बर्फ जातो. भारतात दरडोई वार्षिक उत्सर्जन २ टनांच्या आसपास आहे, म्हणजे वर्षाला माणशी ६ चौ. मीटर, एका लहान खोलीएवढा. अमेरिकेत माणशी याच्या सातपट.

ध्रुवीय अस्वलं वाढली ना?

काही ठिकाणी. १९७३ च्या पंचराष्ट्रीय कराराने शिकारीवर बंधनं आली आणि मारून संपवत आणलेली अस्वलं सावरली. ते शिकार थांबल्याचं फळ. आज एकूण संख्या अंदाजे २६ हजार धरतात. चुक्ची समुद्राकडची अस्वलं धष्टपुष्ट आहेत. हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे बर्फ लवकर फुटून उपासाचे दिवस वाढलेत, तिथे २०१६ मध्ये ८४२ होती, २०२१ मध्ये ६१८. बर्फाची मोजणी अस्वलांवरून करू नये, एवढंच म्हणेन. जाहिरातीतल्या मरतुकड्या अस्वलावरूनही नाही.

हा बर्फ वितळला की मुंबई बुडणार का?

यामुळे नाही. तरंगता बर्फ आधीच आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून असतो, त्यामुळे तो वितळून पातळी जवळजवळ वाढत नाही. मुंबईला काळजी ग्रीनलंडची. तिथला जमिनीवरचा सगळा बर्फ गेला तर समुद्र सात मीटरहून जास्त चढेल, अर्थात त्याला शतकंच्या शतकं लागतील. सागरी बर्फाचा संबंध अप्रत्यक्ष आहे. हिमाने झाकलेला बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो, उघडा समुद्र जेमतेम सहा-सात टक्के. झाकण गेलं की पाणी तापतं. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय, त्यामागचं हे एक कारण.

आपल्या पावसाशी याचा काही संबंध?

असण्याची शक्यता गोव्यातच तपासली जातेय. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ आणि भारतातली सप्टेंबरमधली अतिवृष्टी यांचा संबंध मांडला. तिथे बर्फ कमी असला की वरच्या हवेचे प्रवाह बदलतात, आणि त्याला तापलेल्या अरबी समुद्राची जोड मिळाली की मोसमाच्या शेवटी मध्य भारतात जोरदार सरींना बाष्प मिळतं, अशी ती साखळी. सहसंबंध दिसतो, पण प्रत्येक कडी पक्की झालेली नाही. सोयाबीन काढणीच्या वेळी झालेल्या प्रत्येक पावसाचं खापर लगेच आर्क्टिकवर फोडू नका.

याच केंद्रातर्फे स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या न्यू-ऑलेसुंड इथे २००८ पासून 'हिमाद्री' हे भारतीय ठाणं चालतं. शेजारच्या कोंग्सफियोर्ड खाडीत २०१४ मध्ये पाण्याखाली सोडलेली 'इंडआर्क' ही यंत्रणा खाडीचं तापमान आणि खारटपणा नोंदवते, आणि डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळी मोहिमाही जातात.

रोजचे आकडे कुठे बघायचे, आणि कसे?

बोल्डरचं केंद्र आणि जपान-युरोपातल्या संस्था रोजचा आलेख फुकट देतात. एकच संस्था धरा. एकाचा २०१२ आणि दुसऱ्याचा २०२५ शेजारी ठेवलात तर पद्धतीतला फरकच 'वाढ' म्हणून दिसेल. रोजच्या आकड्यापेक्षा पाच दिवसांची सरासरी बघा, आणि दोनच वर्षं न बघता १९८१-२०१० ची रेघ चालू करून ठेवा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुणी 'किमान नोंदलं गेलं' म्हणून बातमी दिली तर थांबा. वारा फिरला की पसरलेले तुकडे एकत्र लोटले जातात आणि आकडा पुन्हा खाली येतो. नक्की काय ते साधारण २० तारखेनंतर कळतं.